हिरव्या क्रॉसवरचे आकडे

वाले-द-उर्झे गावात औषधांचं दुकान एकच, माझं.
दारावरचा हिरवा क्रॉस लुकलुकत
वेळ सांगतो, तारीख सांगतो, तापमान सांगतो.
चर्चच्या घड्याळावर कुणाचा भरवसा नाही, त्याच्यावर आहे.
दुपारी दोनला तो म्हणाला : त्रेचाळीस.
रस्त्यापलीकडून बाल्ताझार ओरडला,
"ग्रासिएत, तुझं यंत्र बिघडलंय!"

बिघडलं असतं तर बरं झालं असतं.

मी वही काढली.
लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे चौदा.
लिथियमवर एक, शाळामास्तरांचा मुलगा,
अंगातलं पाणी आटलं की ज्याचं औषधच विष होऊ लागतं.
आणि गोळीपायी ज्यांना घामच फुटत नाही
अशा त्या दोघी बहिणी, वरच्या आळीतल्या, खिडक्या मिटून बसणाऱ्या.
डॉक्टर येतात मंगळवारी.
ऊन काही मंगळवारची वाट बघत नाही.
त्यांना फोनवर गाठलं, एकेक नाव वाचलं,
एकेक उत्तर पेन्सिलीनं लिहून घेतलं,
मग घरोघर फोन लावले.
बाल्ताझारला म्हटलं, पाण्याची गोळी रविवारपर्यंत अर्धीच.
"मग पैसेही अर्धे?"
त्याला पाण्याचा ग्लास दिला, समोर उभं राहून संपवायला लावला.

डोंगरभर निलगिरी आहे, कागदाच्या गिरणीसाठी लावलेली.
मी लहान होते तेव्हा तिथं ओक होते,
खाली पडलेली फळं डुकरं खायची.
माझ्या तिसऱ्या खणातही निलगिरीच,
खोकल्याच्या गोळ्या, साखरेत घोळवलेल्या.
साडेचारला तोच वास आला.
खणातून नाही,
खिंडीतून.
छाती मोकळी करणारा वास
छाती आवळत आला.

सहापर्यंत सव्वीस पंप गेले.
पंप हातात ठेवताना मला ठाऊक असतं :
औषध आत ढकलणारा तो वायू
शेवटी वर जातो, हवेत राहतो,
आणि पुढच्या उन्हाळ्याची घोंगडी एका धाग्यानं जाड करतो.
भुकटीचे पंप आहेत की. दोन वर्षं शिकवतेय लोकांना.
पण भुकटी ओढायला श्वासात जोर लागतो,
आणि देओलिंदाच्या श्वासात आज शिट्टीच होती, जोर नव्हता.
मी वायूचा दिला.
हिशेब नंतर.
"रिकामा झाला की परत आण, कचऱ्यात टाकू नकोस."
तिनं मान हलवली. दर वेळी हलवते.

सात वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
क्रॉस विझला. फ्रिज घरघरला आणि गप्प झाला.
आत अकरा माणसांचं इन्शुलिन.

मासेवाला आदेलिनू तेव्हाच हॉर्न वाजवत चौकात आला,
समुद्राकडचा रस्ता बंद, परत फिरवलेला,
गाडीत दोन पेट्या सार्डिन आणि बर्फ.
मी काही मागायच्या आत त्यानं मासे उपसून फुटपाथवर ओतले.
मांजरांची जत्रा भरली.
"बर्फाला टेकू द्यायचं नाही," मी सांगत होते,
"गोठलं की मेलं,"
आणि दुकानातले टॉवेल, माझा पांढरा कोट, आल्तारवरची चादर,
जे हाती लागेल ते मधे कोंबत होते.

रात्रभर ती गाडी नदीकाठी उभी होती.
तासातासाला मी थर्मामीटर बघायची. सहा. सात. सहा.
आदेलिनू स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरत होता.
वरच्या आळीतल्या बहिणी ओल्या चादरी पांघरून बसल्या होत्या,
एक दुसरीला विचारत होती, उद्या बुधवार ना?
खिंडीची कड लाल होती. मग तपकिरी. मग कळेना.

तिसऱ्या दिवशी वीज आली.
इन्शुलिन शाबूत, वास मात्र सार्डिनचा.
मास्तर म्हणाले, मुलगा जेवला.
बाल्ताझारनं उरलेल्या अर्ध्या गोळ्या परत आणल्या, मोजून चार,
आणि पैशांचं नाव काढलं नाही.

क्रॉस आपोआप पेटला, गोंधळलेला.
तारीख एक जानेवारी, वेळ शून्य, तापमान शून्य.
देओलिंदा खाली उभी राहून वर बघत होती,
हातात रिकामा पंप.
"शून्य," ती म्हणाली. "असंच राहू दे आज."

मी शिडी आणली होती.
तिथंच भिंतीला टेकवून ठेवली.